सातव्या मजल्यावरची गुणगुण

कपाटात माणूस होता.

तिनं खोली रिकामी समजून दार उघडलं होतं. नियमाप्रमाणे आधी टकटक केली, "हाउसकीपिंग" अशी हाक दिली, आतून ओ आली नाही तेव्हाच कार्ड लावलं. पलंग जसाच्या तसा, पडदे सरळ, टेबलावर एक उघडी बॅग. आणि कपाटाच्या दारातून बाहेर आलेले दोन पाय. पायमोजे घातलेले, त्यातला एक उलटा.

"अहो!" ती ओरडली.

"श्श..." कपाट म्हणालं.

मग हँगर खडखडले आणि तिशीतला एक उंच माणूस वाकून बाहेर आला. केस विस्कटलेले, एका कानात कसलीशी वायर, दुसरा कान लाल झालेला. बराच वेळ फळीला दाबून धरलेला असावा.

"आत्ताच थांबला," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "इतका छान येत होता. आणि थांबला."

"कोण?"

"आवाज."

"तो राहू द्या. मी दार वाजवलं तेव्हा ओ का नाही दिली?"

"ओ दिली असती तर माझाच आवाज ऐकू आला असता ना!"

तिला हसू आलं. ते तिनं हातातल्या टॉवेलांच्या गठ्ठ्याआड लपवलं. टॉवेल पुरेसे उंच नव्हते.

शहराच्या ऐन मध्यावर, चार रस्ते जिथे एकमेकांत घुसतात त्या चौकात, हे हॉटेल उभं होतं. नामांकित साखळीतलं, देखणं. लॉबीत वास असायचा तोही कंपनीनं ठरवून दिलेला. बाहेर दिवसभर हॉर्न, शिट्ट्या, बसचे ब्रेक. खोलीत दुहेरी काचेमागे मात्र सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पाहुणे या शांततेसाठीच इथे येत. आणि नेमक्या सातव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत गेले तीन महिने कपाट गात होतं.

पाहुण्यांचं म्हणणं तरी तसंच होतं. एका बाईंनी सकाळी रिसेप्शनला फोन करून विचारलं, "शेजारच्या ताई सुरेख गुणगुणतात, कोण आहेत त्या?" शेजारी भिंत होती. एका गृहस्थांनी सामान उचललं आणि पाचवा मजला गाठला. प्लंबरनं नळ तपासले, एसीवाल्यानं एसी उघडून पुन्हा बंद केला, आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. खाली तळघरात चादरी-टॉवेलांची व्यवस्था पाहणाऱ्या मावशींनी तर निकालच देऊन टाकला, "कुणीतरी रुसलेली बाई आहे आत. समजूत काढा, जाईल."

आणि सातवा मजला तिच्याकडे होता.

ती इथे नवीन होती. तीन महिन्यांपूर्वीच हंगामी म्हणून लागली होती. हा महिना संपता संपता तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मोठे साहेब ठरवणार होते. घरी म्हणजे ताईकडे. ताई मायेचीच, भावोजीही चांगले, पण तिथे झोपायचं म्हणजे बैठकीत, सगळ्यांचा टीव्ही संपल्यावर. इथे हॉटेलमागच्या इमारतीत तिला एक खोली मिळाली होती. जेमतेम पलंगाएवढी. पण तिला दार होतं आणि ते आतून लावता येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

साहेबांनी सोमवारीच तिला बोलावून सांगितलं होतं, "मुख्य कचेरीतून माणूस येतोय. शुक्रवारपर्यंत आवाज सापडला तर ठीक. नाहीतर त्या बाजूच्या सगळ्या भिंती फोडायला लागतील, अर्धा मजला बंद. मग तुमच्या नावापुढे मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

तो माणूस म्हणजे हा. उलट्या पायमोज्याचा. दुपारपर्यंत त्याचं नावही पडलं होतं — कानवाले.

"तुम्हाला मदतीला द्या म्हणाले मला," ती दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहून म्हणाली. "काय करायचं असतं?"

"गप्प बसायचं."

"तेवढं जमेल असं नाही."

"दिसतंच आहे," तो हसला. मग एकदम गंभीर होऊन त्यानं हातातलं यंत्र तिला दाखवलं. "हे आवाज मोजतं. माझी पद्धत एकच. माप दोनदा घ्यायचं. एक दुरुस्तीच्या आधी, एक नंतर. आधीचं घेतल्याशिवाय मी खिळ्यालाही हात लावू देत नाही. लोकांना नंतरचीच घाई असते."

"आणि आवाज सापडला की?"

"की पुढचं गाव."

हे तो फार सहज म्हणाला. तिनं मान डोलावली, उगाचच उशी सरळ केली.

त्या दिवशी दोघांनी मिळून सारा मजला ऐकला. छोट्या फ्रिजची घरघर, लिफ्टचा सुस्कारा, पाइपातून उतरणारं पाणी. तो भिंतीला कान लावी, ती समोरून. मध्ये एकच भिंत, तिच्या दोन बाजूंना दोन कान. एकदा तो भिंतीपलीकडून म्हणाला, "तुमच्या बांगड्या वाजतायत," तेव्हा तिनं दचकून हात पाठीमागे नेला आणि त्या जास्तच वाजल्या.

आवाज मात्र आला नाही. ती खोलीत असली की यायचाच नाही. ती खाली कामाला गेली, की थोड्या वेळानं हजर.

"तुम्ही आलात की पळतो," तो म्हणाला. "घाबरतो बहुतेक तुम्हाला."

"मला कुणी घाबरत नाही."

"मी कालपासून थोडा घाबरतोय."

तिनं त्याच्याकडे रागानं पाहायचं ठरवलं. पाहिलं. पण राग वाटेतच कुठेतरी उतरून गेला.

"कसा आहे तरी तो?" तिनं विचारलं. "मी एकदाही ऐकलेला नाही."

तो खिडकीशी गेला. खाली चौकात पावसाची भुरभुर होती, सिग्नलचा लाल रंग ओल्या रस्त्यावर पसरला होता. काचेला पाठ टेकून तो म्हणाला, "बाईचा आवाज आहे. शब्द नाहीत. सूर तीन पायऱ्या वर चढतो, चौथीवर पाय घसरतो... मग पुन्हा पहिल्यापासून. हट्टानं. चौथी पायरी येतच नाही, पण सोडतही नाही."

"मग बेसूर म्हणा ना सरळ."

"बेसूर नाही." त्याला ते लागलंच जणू. "हे बघा, मी वर्षातले बरेचसे दिवस याच कंपनीच्या खोल्यांत काढतो. प्रत्येक शहरात तीच खोली. तोच दिवा, तीच उशी, तेच चित्र. अंधारात हात लावला की स्विच सापडतो. सकाळी उठलो की आपण कुठल्या गावात आहोत हे पडदा सरकवून बघावं लागतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एक खोली वेगळी निघाली. आणि मला पाठवलंय तिला गप्प करायला."

ती हळूच म्हणाली, "नाही झाली गप्प, तर मला घरी जावं लागेल."

त्यानं मान वर केली. तिनं सगळं सांगून टाकलं. साहेब, शुक्रवार, बैठकीतलं अंथरूण, दार. सांगताना तिला वाटलं होतं तो "अरेरे" म्हणेल. त्यानं विचारलं, "दाराला कडी आहे की खटका?"

"कडी. का?"

"कडीचा आवाज छान असतो," तो म्हणाला. "सापडेल. मी शोधतो."

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी ती तळघरात होती. वरच्या मजल्यांवरचे वापरलेले टॉवेल आणि चादरी खाली टाकायला इमारतीच्या पोटातून एक उभी पत्र्याची नळी होती. सगळे तिला घसरगुंडी म्हणत. सातव्या मजल्यावर टाकलेली चादर धडधडत येऊन इथे मोठ्या टोपलीत पडे. मावशी चहाला गेल्या होत्या. ती घसरगुंडीच्या तोंडाशी उभी राहून टॉवेल निवडत होती. डाग पडलेले इकडे, बाकीचे तिकडे. डोक्यात शुक्रवार.

मागे काहीतरी हललं म्हणून वळून पाहिलं, तर दारात कानवाले. वायर नाही, यंत्र नाही. नुसता उभा. चेहरा असा, की हरवलेली वस्तू सापडली आणि तीच नेमकी परत करायची आहे.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला आणि जिना चढून निघूनही गेला.

ती दुपारभर अस्वस्थ होती. संध्याकाळी त्यानं तिला खालच्या कॉफीच्या टेबलाशी बोलावलं. बाहेर घरी जाणाऱ्यांची गर्दी, आत दोन कप, त्यातला एकही कुणी उचलला नव्हता.

"आवाज सापडला," तो म्हणाला.

"खरंच?" ती खुर्चीतून अर्धी उठली. "मग असं तोंड का? कुठे सापडला? पाइपात?"

"तुम्ही काम करताना गुणगुणता. माहीत आहे तुम्हाला?"

"मी? छे! मी कुठे..." आणि ती थांबली. ताई म्हणायची ते आठवलं. 'हिचं इंजिन सुरू झालं की समजावं, काहीतरी बिनसलंय. विचारलं तर म्हणेल, मी? छे!'

"घसरगुंडीच्या तोंडाशी उभं राहून," तो शांतपणे सांगू लागला. "कंपनीच्या नकाशात कपाट दाराच्या डाव्या हाताला असतं. सगळ्या शहरांत. या इमारतीत त्या जागी नळीचं जुनं झाकण होतं. नकाशात झाकण नव्हतं, म्हणून सुतारांनी त्याच्यावरच कपाट उभं केलं. मागे पातळ फळी, झाकण अर्धवट उघडं. तळघरातला आवाज चढतो आणि सरळ हँगरांत येतो. तुम्ही नव्हता तोवर तिथे कुणी गात नव्हतं. मावशी फक्त खोकतात, तो पाइपाचा आवाज समजला गेला."

"म्हणजे... ती रुसलेली बाई मी?"

"हो."

"तीन महिने माझ्याच तक्रारी माझ्याच नावावर चढत होत्या?"

"...हो."

"तुम्ही हे लिहू नका," ती एका दमात म्हणाली. "झाकण लिहा, फळी लिहा. माझं नाही."

"दोष झाकणाचाच लिहिणार आहे. तोच खरा आहे. पण 'आवाज कसला' हा रकाना रिकामा सोडता येत नाही. आणि खोटं मला—"

"तुम्हाला काय! तुम्ही पुढच्या गावी जाल. तिथे तीच उशी, तोच दिवा!"

ते बोलून गेली आणि तिला स्वतःचंच वाईट वाटलं. मग तिनं गार झालेली कॉफी एका घोटात संपवली.

"लिहा," ती म्हणाली. "पण साहेबांना मी सांगणार. माझ्या तोंडानं. नाहीतर उद्या म्हणतील, लपवत होती."

"मी येतो बरोबर."

"या. पण बोलू नका. गप्प बसायचं."

शुक्रवारी सकाळी मोठ्या साहेबांसमोर ती उभी राहिली. तो मागे, दाराजवळ. तिनं आदल्या रात्री घोकलेलं सगळं विसरून सरळ सांगितलं, "साहेब, तो आवाज माझा होता. मी गुणगुणते. मला कळत नाही तेव्हा."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे पाइप नाही?"

"नाही साहेब."

"एसी नाही? भिंती?"

"एक झाकण नीट बसवायचं, वर रबराची पट्टी, एक जाड फळी," मागून तो म्हणाला. न राहवून. "एका दिवसाचं काम."

साहेब उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि धप्पकन बसले. गेले कित्येक आठवडे कोंडलेला श्वास त्यांनी एकदम सोडला. "भिंती फोडायच्या नाहीत," ते छताला उद्देशून म्हणाले. "अहो, मी घरी बायकोशी धड बोललो नाही या आवाजापायी! आणि तुम्ही गुणगुणत होता! गुणगुणा हो, खुशाल गुणगुणा. फक्त आधी ते झाकण लावू द्या."

"आणि साहेब, माझं... महिनाअखेरचं?"

"तक्रार इमारतीची निघाली. तुमच्या नावावर कशी राहील? स्वतः येऊन सांगितलंत, हे मी लक्षात ठेवीन. कायम आहात तुम्ही. जा आता, मला बायकोला फोन करू द्या."

बाहेर येताच तिनं भिंतीचा आधार घेतला आणि हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तोही हसत होता. मग दोघांनाही एकाच वेळी आठवलं, की आता त्याचं इथलं काम संपलं. हसू आधी त्याचं थांबलं की तिचं, सांगता आलं नसतं.

दुपारी तळघरातला फोन वाजला.

"मी वर खोलीत आहे," तो म्हणाला. "माप घ्यायचंय. फोन ठेवा, नळीच्या तोंडाशी उभ्या राहा आणि गुणगुणा."

"सांगून नाही येत मला!"

"मग बोला काहीतरी. बातम्या सांगा. टॉवेल मोजा. मोठ्यानं."

तिनं फोन ठेवला. सुतार सकाळीच जाड फळी आणि रबर घेऊन वर गेलेला तिनं पाहिला होता, आणि रिकाम्या हातांनी उतरतानाही पाहिला होता. म्हणजे बसली फळी. मावशी तिच्याकडे एकवार पाहून म्हणाल्या, "मी आपली चहाला जाते. आज जरा दोन कप घेईन," आणि दार ओढून गेल्या.

ती नळीच्या काळ्या तोंडासमोर उभी राहिली.

"हॅलो... सातवा मजला," ती म्हणाली. आवाज आत शिरून कुठेतरी विरला. वर बंद आहे सगळं, या विचारानं तिला एकदम मोकळं वाटलं. "तर... ऐकू तर जाणार नाहीच तुम्हाला. म्हणून सांगते. मी कायम झाले, आणि तुम्ही निघालात. मला आनंद झालाय, खरंच झालाय. पण तो असा... चौथ्या पायरीवर घसरतोय. माझ्या दाराला कडी आहे की खटका, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं हो. तुम्ही जाऊ नये असं वाटतंय मला. तुमच्यासमोर हे मी मेले तरी म्हणणार नाही, म्हणून या पत्र्याला सांगतेय. झालं. संपल्या बातम्या."

फोन वाजला.

"आलं," तो म्हणाला.

"काय आलं?"

"सगळं. अगदी स्वच्छ. शेवटी फक्त थोडं घुमलं."

"पण... फळी!"

"फळी भिंतीला टेकून उभी आहे. हे आधीचं माप होतं." तो थांबला. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. आधीचं, मग नंतरचं..."

ती टॉवेलांच्या ढिगावर मटकन बसली. नंतरचीच घाई करणाऱ्यांपैकी आपणही एक निघालो, एवढंच तिला कळलं.

"ऐकताय ना?" फोनमधून तो म्हणाला. "आता झाकण लावतो, फळी बसवतो. या वेळी मी बोलणार. तुम्ही ऐका. फोन ठेवा."

तिनं ठेवला. नळीत डोकं घालून कान वर केला. आधी ठोकल्याचे आवाज आले, मग स्क्रू फिरल्याचे, मग रबर दाबल्यासारखी एक दबकी हुश्श... आणि मग काही नाही. पूर्ण शांतता. कंपनीला हवी होती तशी. तीन महिने जिच्यासाठी तिची झोप उडाली होती ती शांतता समोर होती, आणि तिला ती फोडून टाकावीशी वाटत होती.

जिन्यावर पावलं वाजली. धावत येणारी. लिफ्टची वाट बघायचा धीर नसलेली.

तो दारात आला, छाती भात्यासारखी हलत होती. "काय... ऐकू आलं?"

"काहीच नाही."

"काहीच? एखादा शब्द?"

"काहीच नाही हो!"

"सुटलो!" तो चौकटीला टेकला. "काम चोख झालं."

"काम गेलं खड्ड्यात! म्हणालात काय?"

तो आत आला. टॉवेलांच्या ढिगावर, तिच्यापासून हातभर अंतरावर बसला आणि श्वास जागेवर येऊ दिला.

"म्हणालो," तो सावकाश म्हणाला, "की पुढच्या गावचं काम आटोपलं की मी परत येतोय. कंपनीच्या खोलीत नाही. इथेच कुठेतरी भाड्याची खोली बघायची आहे. जिथे अंधारात स्विच सापडणार नाही, आणि सकाळी पडदा न सरकवताही मी कुठे आहे ते कळेल. कामाला काय, इथूनही गाड्या सुटतात." मग त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. घाईत बूट वरच राहिले होते, आणि आजही एक मोजा उलटाच होता. "आणि म्हणालो, की तुम्ही फार आवडता मला. कपाटात होतो तेव्हापासून. तेव्हा तर मी तुम्हाला पाहिलंही नव्हतं."

तिनं मांडीवरच्या टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"खोलीला दार बघून घ्या," ती शेवटी म्हणाली. "कडीचं."

"आणि?"

"आणि काय... मोजा सरळ घालत जा."

तो हसला. तिनं उरलेले टॉवेल पुढ्यात ओढले, डागाचे इकडे, बाकीचे तिकडे. तोही निवडू लागला, चुकीचे. तिनं ते मुकाट्यानं परत जागच्या जागी ठेवले. मग तो हात थांबवून तिच्याकडे पाहू लागला.

"काय?" तिनं विचारलं.

"तुम्ही गुणगुणताय."

"मी? छे!"

"थांबू नका ना," तो म्हणाला.

ती थांबली नाही. सूर पहिली पायरी चढला, दुसरी, तिसरी... आणि चौथीवर जाऊन उभा राहिला.